शंकेची किंमत

शनिवार, रात्रीचे साडेनऊ. सहकारनगर.
मधुजाचं जेवणाचं टेबल म्हणजे दरी.
चौकटीच्या वहीचे आठ कागद चिकटवलेले,
त्यावर नदी, नदीवर पूल,
पुलापलीकडे सतरा राक्षस, म्हणजे सतरा शेंगदाणे,
आणि त्यांचा सरदार, एक खारीक.
दिवसा मी लोकांचे जीएसटी भरते.
शनिवारी मायाविनी. अंगावर चिलखत नाही,
एक फटका बसला की आडवी.

सोपान नवा. त्याला वाटतं माया म्हणजे ड्रॅगन.
मोठ्ठा कर, म्हणतो, आग ओकणारा!
अरे, ड्रॅगनकडे सगळे बघतात.
बघणारा विचार करतो: झळ का लागत नाही?
सावली कुठंय याची?
विचार आला की तो फासा टाकतो,
आणि टाकत राहिलं की कधीतरी वीस पडतातच.
खोटं असं हवं
की कुणी दुसऱ्यांदा बघू नये.

म्हणून मी पुलावर पत्रे उभे केले.
निळे, पोचे आलेले, कडेला पानाच्या पिंका,
वर पाटी: काम चालू, रस्ता बंद.
मधुजा हसली. मग हसायची थांबली,
कारण आता तिला राक्षसांना खरं वागायला लावायचं होतं.
कर्वे रोडला एवढी वर्षं होते पत्रे,
हात लावून पाहिलं होतं का कुणी?
शिव्या दिल्या आणि वळलो.
राक्षसही वळले, शिव्या देत,
उतारावरून, नदीपात्रातून,
जिथे तेजल धनुष्य घेऊन बसली होती.
नऊ शेंगदाणे तिनं खाल्ले.

सरदार मात्र शहाणा. त्यानं भाला खुपसला,
भाला पत्र्यातून आरपार.
आता त्याला सगळंच खोटं.
मला हेच हवं होतं.
पकडलेलं खोटं वाया जात नाही,
त्याच्या मागे खरं लपवता येतं.
सोपान, म्हटलं, आता तेल ओत. खरं तेल. पेटव.
सरदार हसत हसत आगीत चालत आला.
(खारीक सोपानला मिळाली.)

उरले आठ. आणि आमच्याकडे पुढे उभं राहायला कुणी नाही.
ढाल यझदची.
यझद हॅलिफॅक्सला, मार्चपासून.
बाहुली बरोबर घेऊन गेला,
तेव्हा त्याच्या चौकटीत आम्ही सुपारी ठेवतो,
पूजेला जोडीदार हजर नसला की ठेवतात तशी.
नियमाप्रमाणे तो तंबूत झोपलाय.
सहा महिने.

मी सुपारी उचलली, पुलाच्या तोंडाशी ठेवली.
काय दाखवतेयस? मधुजानं विचारलं.
यझद.
उजवा खांदा जरा खाली,
ढाल मांडीला टेकवलेली,
वार करण्याआधी मुठीवर तीन फुंकरी.
आवाजपण?
आवाजपण. लवकर मरा लेको, मला कॅम्पात जायचंय.

कुणी हसलं नाही पटकन.
मग सगळे एकदम हसलो.

आठही त्याच्यावर तुटून पडले.
तीन पाळ्या. भाले हवेत.
मला दुसरं काही करता येत नव्हतं,
लक्ष ढळलं की माया विरते, असा नियम.
चहा आला, निवला.
मी सुपारीकडे बघत बसले
आणि तेजल मागून एकेक टिपत राहिली.

संपल्यावर मधुजानं कागद गुंडाळले,
फासे पिशवीत, सालं केरात.
सुपारी राहिली टेबलावर.
जूनमध्ये येतो म्हणाला होता. मग गणपतीत. आता दिवाळी म्हणतो.
शंका घ्यायची तर एक पाळी खर्च होते.
आमच्यातल्या कुणीच ती केली नाही.

चपला घालता घालता सोपाननं विचारलं,
पुढच्या शनिवारी कितीला?
साडेनऊ, म्हटलं.
सगळे.